आउटलुकमधील संमति-इशारे आणि त्यांचे शमन

कार्यालयातील अनेक संगणकांवर पुनःपुन्हा उमटणारा एखादा इशारा एकदम बंद कसा करावा, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तांत्रिक, किंबहुना काहीसा क्षुल्लकच वाटतो. प्रस्तुत लेखकालाही २०१४ पर्यंत तो तसाच वाटत असे. त्या वर्षीच्या हिवाळी परीक्षांच्या वेळी एका शिक्षणसंस्थेच्या परीक्षा विभागाने केंद्र बदलल्याची सूचना सुमारे चारशे विद्यार्थ्यांना ई-मेलने धाडण्याची व्यवस्था केली होती. यादी तयार होती, पत्राचा मसुदा तयार होता. यादीतील एकेक नाव उचलून आउटलुकच्या द्वारे पत्र रवाना करणारा छोटासा प्रोग्रॅम गेली दोन वर्षे बिनबोभाट चालत आलेला होता. तो रात्री आपोआप सुरू व्हावा अशी योजना करून कर्मचारी घरी गेले. सकाळी येऊन पाहतात तो पडद्यावर एक लहानशी चौकट उभी. कोणी एक प्रोग्रॅम आपल्या वतीने ई-मेल पाठवू पाहत आहे, त्याला परवानगी द्यावयाची काय, अशी पृच्छा तीत केलेली होती. चौकट रात्रभर उत्तराची वाट पाहत थांबली होती आणि तिच्यामागे चारशेच्या चारशे पत्रे थांबली होती. तोवर विद्यार्थी जुन्या केंद्रावर पोहोचले होते. बहुतेकांना धावतपळत, मिळेल त्या रिक्षाने दुसरे केंद्र गाठावे लागले आणि काहींच्या पहिल्या पेपरातला अर्धा तास वाया गेला.

पुढील आठवड्यात त्या कार्यालयाने ‘इशारा कधीही देऊ नये’ अशी सोय सर्व संगणकांवर करून टाकली, आणि तक्रार मिटली. तिचे मूळ मात्र तसेच राहिले. ते कोठे होते हे पुढे येईलच. तत्पूर्वी ही चौकट कोठून आली आणि ती विचारते ते कोणत्या आधारावर, हे पाहिले पाहिजे. उपाय योग्य की अयोग्य हे त्यावरूनच ठरणार आहे.

मायक्रोसॉफ्टचे आउटलुक हे केवळ पत्रे वाचण्याचे साधन नव्हे. त्याची अंतर्गत अंगे, म्हणजे पत्रांची पेटी, पत्त्यांची वही, दैनंदिनी, नवे पत्र लिहिण्याची व पाठविण्याची क्रिया, ही सर्व दुसऱ्या प्रोग्रॅमला हाताळता यावीत अशी त्याची रचना आहे. या हाताळणीच्या मांडणीस ‘ऑब्जेक्ट मॉडेल’ म्हणतात. हिशेबाचा प्रोग्रॅम ग्राहकाला बिल पाठवितो, वर्डमधील मेल-मर्ज शेकडो पत्रे एकाच मसुद्यावरून धाडतो, ॲक्सेसमधील अहवाल वरिष्ठांकडे आपोआप जातो, हे सारे या मांडणीमुळे शक्य झाले. १९९० नंतरच्या दशकात कार्यालयांनी या सोयीचा मुक्तहस्ते उपयोग केला. तेव्हा दाराला कडी नव्हती. कोणीही यावे, पत्त्यांची वही उघडावी, मालकाच्या नावाने पत्र टाकावे, कोणी हटकत नसे.

मार्च १९९९ मध्ये ‘मेलिसा’ या उपद्रवी मॅक्रोने या मोकळ्या दाराचा पहिला मोठा लाभ घेतला. वर्डचा एक दस्तऐवज उघडताच त्यातील मॅक्रो आउटलुकला जागे करी आणि पत्त्यांच्या यादीतील पहिल्या पन्नास जणांना तोच दस्तऐवज मालकाच्या नावाने पाठवून देई. ओळखीच्या माणसाकडून आलेले पत्र म्हणून ते पन्नासही उघडीत. वर्ष-सव्वा वर्षाने, ४ मे २००० रोजी, फिलिपीन्समधील मनिला येथून निघालेला ‘आय लव्ह यू’ हा किडा जगभर पसरला. त्याने पन्नासाचीही मर्यादा ठेवली नाही. पत्त्यांच्या वहीत जितकी नावे तितकी प्रेमपत्रे! सोबतच्या फाइलीच्या नावाचे शेवटचे अक्षरचिन्ह विंडोज मूळच्या मांडणीनुसार लपवीत असल्यामुळे ती साध्या मजकुराची फाइल भासे. वस्तुतः ती चालविण्याजोगी आज्ञावली होती. अनेक मोठ्या संस्थांना त्या दिवशी आपली टपाल-यंत्रणाच बंद ठेवावी लागली. फिलिपीन्समध्ये अशा कृत्याला लागू पडेल असा कायदा त्या वेळी नसल्यामुळे तो लिहिणाऱ्या तरुणावरचा खटला उभाच राहू शकला नाही. तसा कायदा तेथे त्याच वर्षी जूनमध्ये झाला.

त्याच जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुक ९८ व आउटलुक २००० या आवृत्त्यांसाठी एक सुरक्षा-दुरुस्ती प्रसिद्ध केली. चालविण्याजोग्या अनेक प्रकारच्या फाइली तिने सरसकट अडविल्या. परंतु आपल्या विषयाशी संबंध आहे तो तिच्या दुसऱ्या अंगाचा. ऑब्जेक्ट मॉडेलच्या वेशीवर तिने एक रखवालदार बसविला. इंग्रजीत त्याला ‘ऑब्जेक्ट मॉडेल गार्ड’ असेच नाव आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमने पत्ते वाचू पाहिले, की एक चौकट उमटे. तीत ‘एक मिनिट’पासून ‘दहा मिनिटे’पर्यंत मुदतीची परवानगी देता येई. प्रोग्रॅमने पत्र पाठवू पाहिले, की दुसरी चौकट. हिच्यात मुदतीची सोय नव्हती. प्रत्येक पत्रासाठी स्वतंत्र होकार द्यावा लागे. शिवाय होकाराचे बटन पहिली पाच सेकंद निष्क्रिय असे. माणसाने विचार न करता बोट दाबू नये, हा त्यामागील हेतू. चारशे पत्रांना या हिशेबाने निव्वळ वाट पाहण्याचीच दोन हजार सेकंद होतात, म्हणजे तेहतीस मिनिटे वीस सेकंद. आणि तेवढा वेळ एक माणूस पडद्यासमोर बसून राहिला पाहिजे. खिशात बाळगण्याच्या लहान संगणकांचा आउटलुकशी मेळ घालणारे प्रोग्रॅमही या तडाख्यात सापडले. आउटलुक २००२ पासून ही व्यवस्था मूळ प्रोग्रॅममध्येच अंतर्भूत झाली.

रखवालदाराच्या या प्रश्नात एक मूलगामी उणीव आहे. जुन्या वाड्याच्या देवडीवर बसलेला पहारेकरी आल्यागेल्याला ‘कोण?’ म्हणून विचारी, नाव-गाव कळले की आत वर्दी देई, आणि मग मालक ठरवी. आउटलुकचा पहारेकरी आत येऊन इतकेच सांगतो की, ‘कोणीतरी दारात आले आहे. सोडू का?’ चौकटीतील शब्द नीट वाचावेत. ‘एक प्रोग्रॅम’ असाच तेथे उल्लेख आहे. त्याचे नाव नाही. हा आळस नव्हे. आउटलुकच्या बाहेर स्वतंत्रपणे चालणारा प्रोग्रॅम ज्या मार्गाने हाक मारतो, त्या मार्गाच्या या टोकाला हाक ऐकू येते, पण पलीकडच्या टोकाला कोण उभा आहे हे खात्रीने कळण्याची तरतूद त्या मार्गातच नाही. यंत्राला जे ठाऊक नाही ते ठरविण्याची जबाबदारी मग ज्याला ते त्याहूनही कमी ठाऊक आहे अशा कारकुनावर येते. त्याला इतकेच दिसते की, ‘होय’ म्हटले तर काम होते आणि ‘नाही’ म्हटले तर अडते. अशा स्थितीत तो काय शिकेल हे सांगायला मानसशास्त्रज्ञाची गरज नाही.

तथापि मानसशास्त्राच्या अंगाने या प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे, आणि तो उद्बोधक आहे. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, संगणकावरील इशारे पाहत असलेल्या माणसांच्या मेंदूतील हालचाल चुंबकीय प्रतिमेच्या साहाय्याने टिपली. तोच इशारा दुसऱ्याच वेळी समोर आला, तेव्हा दृश्य समजून घेणाऱ्या भागातील हालचाल लक्षणीय प्रमाणात घटलेली आढळली. माणूस दुर्लक्ष करावयाचे ठरवितो असे नव्हे. डोळ्यांसमोर असलेली वस्तू मेंदू पुन्हा तितक्या कसोशीने पाहतच नाही. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांना आपण उगाच दोष देतो. दुसऱ्या बाजूने, २०१३ मध्ये अखावे व फेल्ट यांनी फायरफॉक्स व क्रोम या दोन ब्राउझरांतील अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांची नोंद तपासली. घातक किंवा फसव्या संकेतस्थळांविषयीचे इशारे ओलांडून पुढे जाण्याचे प्रमाण त्यांना पावाहूनही कमी आढळले. क्रोममधील सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राविषयीचे इशारे मात्र शेकडा सत्तर वेळा ओलांडले गेले होते. तेव्हा ‘माणसे इशारे वाचतच नाहीत’ हे सरसकट विधान टिकत नाही. इशाऱ्यात काय धोका आहे ते स्पष्ट सांगितलेले असेल आणि तो खोटा ठरण्याची सवय लागलेली नसेल, तर तो मानला जातो. आउटलुकची चौकट या दोन्ही कसोट्यांना उतरत नाही. ज्या कार्यालयात ती रोज उमटते तेथे ती जवळजवळ नेहमी निर्दोष प्रोग्रॅमविषयीच असते.

म्हणून इशारे बंद करण्याची मागणी मुळात अवास्तव नाही. प्रश्न आहे तो कसे आणि कोणासाठी, हा.

आरंभीच्या वर्षांत व्यवस्थापकाच्या हाती एकच अधिकृत साधन होते. संस्थेची टपालव्यवस्था मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजवर असेल, तर सार्वजनिक फोल्डरांत ठराविक नावाचा एक फोल्डर निर्माण करावयाचा, त्यात मायक्रोसॉफ्टने दिलेला नमुना-फॉर्म प्रसिद्ध करावयाचा, आणि कोणत्या कर्मचाऱ्यांसाठी कोणत्या क्रियेला ‘विचारावे’, ‘आपोआप मान्य करावे’ की ‘आपोआप नाकारावे’ हे त्यात भरावयाचे. शिवाय प्रत्येक संगणकाच्या रजिस्ट्रीत ‘व्यवस्थापकाची मांडणी पाहावी’ अशी एक नोंद ठेवावयाची. ती नसेल तर फॉर्म कितीही काळजीपूर्वक भरला तरी व्यर्थ. ज्या लहान कार्यालयांकडे एक्स्चेंज नव्हते त्यांना हा मार्ग बंदच होता. त्यांच्या गरजेतून दोन पळवाटा निघाल्या.

पहिली पळवाट म्हणजे चौकट उमटताच ‘होय’चे बटन स्वतःच दाबणारा प्रोग्रॅम. माणसाने विचार करावा म्हणून ठेवलेले बटन यंत्राने दाबावयाचे, हा प्रकार पाहून हसावे की खंत करावी ते कळत नाही. दुसरी पळवाट अधिक शास्त्रशुद्ध होती. आउटलुकच्या तळाशी ‘एक्स्टेंडेड मॅपी’ नावाची जुनी, अधिक खोलवरची व्यवस्था आहे. ती साध्या स्क्रिप्टच्या आवाक्यात नसल्यामुळे रखवालदाराला तिच्या दारात बसविलेले नव्हते. या व्यवस्थेला सोपे आवरण घालून देणारी ‘रिडेम्प्शन’सारखी साधने निघाली, आणि प्रोग्रॅम लिहिणारे अनेकजण समोरचे दार सोडून त्या बाजूने ये-जा करू लागले. ह्यावरून रखवालदाराची खरी मर्यादा स्पष्ट होते. तो साध्या, घाईत लिहिलेल्या स्क्रिप्टला अडवितो. कुशल शत्रूला नव्हे. पुढे ‘इमोटेट’ या घातक प्रोग्रॅमने आउटलुकमधील पत्ते आणि पत्रांचे मजकूर मोठ्या प्रमाणावर उचलले ते या चौकटीची परवानगी घेऊन नव्हे. त्याचे जाळे जानेवारी २०२१ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून उद्ध्वस्त केले, तरी त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा डोके वर काढू लागले होते.

आउटलुक २००३ ने एक समंजस भेद केला. आउटलुकच्या पोटात राहून चालणारा जोडकार्यक्रम, म्हणजे ज्याला ॲड-इन म्हणतात तो, आउटलुकने स्वतः हाती दिलेल्या सूत्राने काम करीत असेल, तर त्याला घरचा माणूस समजावे असे ठरले. जो प्रत्यक्ष आत आणून बसविला त्याची ओळख असते, हे तत्त्व त्यामागे आहे. बाहेरून हाक मारणाऱ्यांची स्थिती मात्र बदलली नाही.

खरे वळण आउटलुक २००७ मध्ये आले. त्यापूर्वी, २००४ मध्ये, विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सुधारणेबरोबर ‘सिक्युरिटी सेंटर’ नावाची व्यवस्था आली होती. संगणकावर अँटिव्हायरस आहे की नाही, आणि असल्यास त्याची माहिती अद्ययावत आहे की नाही, याची ती नोंद ठेवी. आउटलुक २००७ ने या नोंदीचा आधार घेतला. अँटिव्हायरस जागा आणि अद्ययावत असेल, तर बाहेरच्या प्रोग्रॅमला न विचारता आत सोडावे; तो नसेल किंवा शिळा झाला असेल तरच चौकट दाखवावी. आजही अभिजात आउटलुकचे मूळचे वर्तन हेच आहे. आउटलुकच्या ‘ट्रस्ट सेंटर’मध्ये ‘प्रोग्रॅमॅटिक ॲक्सेस’ या सदराखाली तीन पर्याय दिसतात: संशयास्पद स्थितीत इशारा द्यावा, नेहमी द्यावा, कधीही देऊ नये. त्याखालीच अँटिव्हायरसची स्थिती एका ओळीत लिहिलेली असते. त्या ओळीकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि सारे रहस्य त्या ओळीत आहे.

वाचकांच्या लक्षात आता आले असेल की, २००७ नंतर या चौकटीचा अर्थच पालटला. पूर्वी ती म्हणे, ‘कोणीतरी आले आहे.’ आता ती म्हणते, ‘कोणीतरी आले आहे, आणि या घरातील अँटिव्हायरस झोपलेला आहे.’ दुसरा अर्धा भाग ती उच्चारीत नाही, इतकेच. परीक्षा विभागाचा प्रोग्रॅम दोन वर्षे निर्वेध चालला आणि एका रात्री अचानक अडला, याचे कारण प्रोग्रॅममध्ये नव्हते. अँटिव्हायरसच्या वापराची मुदत संपली होती. नूतनीकरणाचा कागद कोणाच्या तरी मेजावर सहीसाठी पडून होता. पत्रे रवाना करणारा संगणक त्यांपैकी एक. तपासणी केली तेव्हा त्या कार्यालयातील आणखीही अनेक संगणक त्याच अवस्थेत आढळले. ही गोष्ट त्या इमारतीत कोणी सांगत असेल तर ती एकटी चौकट सांगत होती, आणि तिचेच तोंड बंद करण्यात आले होते. ताप उतरावा म्हणून तापमापी फोडण्याचाच हा प्रकार झाला. तो मूर्खपणामुळे झाला असे आम्हास मुळीच वाटत नाही. ज्यांच्यामुळे विद्यार्थ्यांचे नुकसान झाले असे सर्वजण म्हणत होते, त्यांनी हाताला लागलेला पहिला उपाय केला. चौकटीने आपला अर्थ नीट सांगितला असता तर कदाचित त्यांनी दुसरा उपाय केला असता.

आता उपायांकडे वळू. पहिली पायरी इशारा बंद करण्याची नसून तो का उमटतो हे पाहण्याची आहे. ट्रस्ट सेंटरमधील ती ओळ ‘वैध’ असे म्हणत नसेल, तर अँटिव्हायरस दुरुस्त करावा, नूतनीकरण करावे, किंवा जो अँटिव्हायरस आपली स्थिती विंडोजला नीट कळवीत नाही तो बदलावा. बहुतेक कार्यालयांत काम येथेच संपते. अलीकडच्या विंडोजमध्ये दुसरा कोणताही अँटिव्हायरस नसल्यास मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर स्वतःच काम हाती घेतो, त्यामुळे या कारणाने उमटणाऱ्या चौकटींचे प्रमाण पुष्कळ घटलेले आहे.

एक मोठा अपवाद राहतो. विंडोज सर्व्हरवर ही सिक्युरिटी सेंटरची व्यवस्थाच नसते. म्हणून जेथे अनेक कर्मचारी एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर दूरस्थ पद्धतीने काम करतात, तेथे उत्तम अँटिव्हायरस असूनही आउटलुकला तो दिसत नाही आणि चौकट उमटत राहते. अशा ठिकाणी इशारा धोरणानेच शमविणे भाग आहे, आणि ते सयुक्तिकही आहे, कारण तेथे इशारा खरोखरच खोटा असतो.

धोरणाने शमविणे म्हणजे ग्रुप पॉलिसीचा अवलंब करणे. आउटलुकसाठी मायक्रोसॉफ्टने दिलेले धोरणनमुने मध्यवर्ती यंत्रणेत घातले, की पत्र पाठविणे, पत्त्यांची वही उघडणे, पत्त्याची माहिती वाचणे, सभेच्या वा कामाच्या निमंत्रणास उत्तर देणे, पत्र फाइल म्हणून साठविणे, अशा निरनिराळ्या क्रियांसाठी स्वतंत्र कलमे दिसतात. प्रत्येकास चार उत्तरे देता येतात: विचारावे, आपोआप मान्य करावे, आपोआप नाकारावे, किंवा संगणकाच्या सुरक्षेची स्थिती पाहून विचारावे. येथे अनुभवी व्यवस्थापकही एका ठिकाणी हमखास ठेचकाळतो. या कलमांच्या वर ‘सुरक्षेची पद्धती’ ठरविणारे एक कलम आहे. तेथे ‘आउटलुकची सुरक्षा ग्रुप पॉलिसीनुसार’ असा पर्याय निवडला नाही, तर खालच्या कलमांकडे आउटलुक ढुंकूनही पाहत नाही. कलमे भरली, संगणक पुन्हा सुरू केला, चौकट तशीच. मग दोन दिवस शोध, आणि शेवटी वरचे ते एक कलम! दुसरी ठेच आवृत्तीची. २०१०, २०१३ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांच्या नोंदी रजिस्ट्रीत वेगवेगळ्या क्रमांकांखाली असतात. एका आवृत्तीसाठी लिहिलेले धोरण दुसरीला कळत नाही. मात्र २०१६ पासूनच्या सर्व आवृत्त्या एकाच क्रमांकाखाली, सोळाच्या खाली, नांदतात.

ट्रस्ट सेंटरमधील तीन पर्यायांचा निर्णय रजिस्ट्रीतील एकाच मूल्याने होतो: शून्य म्हणजे स्थिती पाहून, एक म्हणजे नेहमी, दोन म्हणजे कधीही नाही. ‘दोन’ लिहून देणारी एक ओळ लॉगॉन-स्क्रिप्टमध्ये घालून ती सर्व संगणकांवर पसरविणे हा सर्वांत झटपट मार्ग, आणि परीक्षा विभागाने तोच धरला होता. त्यातही ६४-बिटी विंडोजवर ३२-बिटी ऑफिस असेल तर ही नोंद रजिस्ट्रीच्या निराळ्या शाखेत करावी लागते. ही गोष्ट न उमजल्यामुळे निम्म्या संगणकांवर इशारा बंद आणि निम्म्यांवर चालू, असे दृश्य पुष्कळ ठिकाणी पाहावयास मिळते.

या मूल्याविषयी आमचे मत प्रतिकूल आहे, आणि त्याचे कारण पूर्वी सांगितलेल्या उणिवेतच आहे. रखवालदार नाव ओळखीत नाही. म्हणून ‘आपल्या प्रोग्रॅमला सोडावे’ असे त्याला सांगताच येत नाही. ‘सर्वांना सोडावे’ एवढेच सांगता येते. परीक्षा विभागाच्या एका प्रोग्रॅमसाठी दिलेली सूट त्या क्षणापासून त्या संगणकावरील हरएक प्रोग्रॅमची होते. मग ती सूट ज्या संगणकाला लागते त्यालाच का देऊ नये? पत्रे रवाना करणारा संगणक एक होता. सूट सर्वांना मिळाली. लेखाविभागातील, वसतिगृहातील, ग्रंथालयातील संगणकांना तिची काडीचीही गरज नव्हती. ग्रुप पॉलिसीची रचनाच अशी आहे की धोरण एखाद्या गटापुरते, एखाद्या खात्यापुरते मर्यादित ठेवता येते. ते तसे ठेवावे, आणि तेथेही गरजेपुरते एकच कलम, उदाहरणार्थ ‘पत्र पाठविणे’ एवढेच, मोकळे करावे. पत्त्यांच्या वहीचे कलम त्याबरोबर उघडण्याचे कारण नाही. प्रोग्रॅम जर ॲड-इनच्या रूपाने असेल तर विश्वासू जोडकार्यक्रमांची यादी धोरणात देता येते. त्या यादीत फाइलीच्या नावाबरोबर तिच्या आशयावरून काढलेली एक खूण नोंदवितात, त्यामुळे त्याच नावाची दुसरी फाइल आत शिरू शकत नाही. अर्थात फाइलीची नवी आवृत्ती आली की खूण बदलते व नोंद पुन्हा करावी लागते. हा त्रास आहे खरा. पण नावानिशी परवानगी देण्याची किंमत तेवढी असणारच.

याहून चांगला मार्ग म्हणजे आउटलुकच्या दारातून जाऊच नये. आपोआप पाठवावयाची पत्रे माणसाच्या टपालपेटीतून, माणसाच्या पडद्यावरून, तो घरी गेल्यानंतर पाठविणे ही मुळातच ठिगळाची योजना होय. पडद्यावर कोणी नसताना आउटलुक चालविण्यास मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. प्रोग्रॅमने संस्थेच्या टपालसर्व्हरशी सरळ बोलावे, किंवा मायक्रोसॉफ्टची मेघस्थ सेवा असेल तर ‘ग्राफ’ या मार्गाने जावे. तेथे प्रोग्रॅमची आधी नावानिशी नोंदणी होते आणि कोणते अधिकार द्यावयाचे ते व्यवस्थापक एकदाच, पाहून, ठरवितो. देवडीवरच्या पहारेकऱ्याला येथे प्रथमच आगंतुकाचे नाव कळते. मात्र येथेही सावध राहावे लागते. पत्र पाठविण्याचा सरसकट अधिकार दिल्यास तो प्रोग्रॅम संस्थेतील कोणाच्याही नावाने पत्र पाठवू शकतो. अधिकार ठराविक टपालपेट्यांपुरता मर्यादित करण्याची पायरी वेगळी आहे आणि ती घाईत राहून जाते.

परीक्षा विभागात पुढे जे झाले ते असे. प्रथम अँटिव्हायरसचे नूतनीकरण झाले. त्यानंतर लॉगॉन-स्क्रिप्टमधील ओळ काढून सर्व संगणकांवरील मूल्य शून्यावर आणले. ओळ नुसती काढल्याने आधी लिहिले गेलेले ‘दोन’ जागचे हलत नाही. ते उलट लिहावे लागते, हे येथे नमूद केले पाहिजे. पहिल्या आठवड्यात कोणत्या संगणकांवर चौकट उमटते त्याची यादी कर्मचाऱ्यांकडूनच करून घेतली. त्यांना सांगितले होते की चौकट दिसली तर ‘होय’ म्हणू नका, ‘नाही’ही म्हणू नका, संगणकावरील क्रमांक लिहून कळवा. या यादीमुळे अँटिव्हायरस बंद असलेले जे संगणक तपासणीतून सुटले होते तेही हाती लागले. चारशे पत्रांचा प्रोग्रॅम टपालसर्व्हरशी सरळ बोलेल असा नव्याने लिहिला. प्रत्येक पत्र सर्व्हरने स्वीकारले की नाही याची नोंद तो एका फाइलीत ठेवतो, आणि रात्रीच्या कामानंतर ती नोंद विभागप्रमुखांच्या मेजावर छापील स्वरूपात असते. केंद्रबदलाच्या सूचना त्यासोबत सूचनाफलकावरही लागू लागल्या.

मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या नव्या आउटलुकमध्ये हा रखवालदार नाही, कारण तो ज्या वेशीवर बसे ती वेसच तेथे ठेवलेली नाही. जुन्या धर्तीचे जोडकार्यक्रम व मॅक्रो त्यात चालत नाहीत. अभिजात आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. ज्या कार्यालयांत मेल-मर्जची, हिशेबाची, पगारपत्रकांची कामे अद्याप त्या जुन्या दारातून चालतात, त्यांनी आपल्याकडे असे कोणते प्रोग्रॅम आहेत याची यादी आताच करावयास घेतलेली बरी. ती यादी बहुधा कोठेही लिहिलेली नसते. परीक्षा विभागात ती करू गेल्यावर आणखी तीन प्रोग्रॅम सापडले. त्यांपैकी एक कोणी लिहिला हे कोणालाही आठवत नव्हते, आणि तो दर महिन्याच्या पाच तारखेला एका निवृत्त गृहस्थांना शुल्काचा तक्ता नेमाने पाठवीत होता.